संबंधानंतर लघवीला आग का होते? उष्णतेला दोष देण्याआधी

लग्नाला आठ-दहा दिवस झालेले असतात. हातावरची मेंदी अजून पुरती उतरलेली नसते. सासरचं घर दोन खोल्यांचं, काही पाहुणे अजून हललेले नाहीत, आणि नव्या सुनेला सकाळपासून चौथ्यांदा मोरीकडे जावं लागतंय. जाऊन बसलं तर दोन थेंब, आणि त्या दोन थेंबांना डोळ्यांत पाणी येईल अशी आग. नवऱ्याला सांगायची लाज वाटते, आईला फोनवर सांगावं तर आजूबाजूला माणसं. शेवटी जाऊबाईंच्या कानावर घातलं तर उत्तर मिळतं, ‘उन्हाळे लागले असतील गं, जागरणं काय कमी झाली का!’ मग धण्याचं पाणी येतं, सब्जा येतो, तिखट बंद होतं. आग मात्र तशीच राहते.

‘उन्हाळे लागणं’ हा आपला फार जुना आणि नेमका शब्द आहे. लघवी जळत, थेंबाथेंबाने होणं. अडचण शब्दाची नाही, त्यामागच्या कल्पनेची आहे. सगळा दोष ‘उष्णते’ला दिला की पुढे काही विचारायचंच उरत नाही. संबंधानंतर जळजळ होते, हे वाक्य तर घरात कोणी पूर्ण उच्चारतही नाही. नव्याने लग्न झालेल्या मुलींमध्ये हे इतकं दिसतं की इंग्रजीत डॉक्टर पूर्वी याला ‘हनिमून सिस्टायटिस’ म्हणत. सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाला आलेली सूज. पण संबंधानंतरची प्रत्येक जळजळ ही मूत्राशयाची नसते, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

आधी नकाशा बघू

लघवी मूत्रपिंडांत तयार होते, मूत्राशयात साठते आणि मूत्रमार्ग नावाच्या नळीतून बाहेर पडते. पुरुषाची ही नळी साधारण 18 ते 20 सेंटिमीटर लांब असते. बाईची फक्त 4 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे करंगळीपेक्षाही छोटी. शिवाय तिचं तोंड उघडतं ते योनिमार्गाच्या अगदी वर, आणि गुदद्वारही तिथून फार दूर नाही.

तिन्ही दारं एका अंगणात उघडणारी वाड्यातली बिऱ्हाडं डोळ्यांसमोर आणा. एकाच्या दारातला केर वाऱ्याने दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाणारच. त्यात कोणाच्या स्वच्छतेचा कमीपणा नाही, बांधणीच तशी आहे. आणि मधल्या बिऱ्हाडात वर्दळ झाली की शेजारच्या दाराला धक्के बसतात. संबंधाच्या वेळी नेमकं हेच होतं.

बऱ्याच बायकांना लघवीची जागा आणि योनिमार्ग वेगळे आहेत हेच कोणी सांगितलेलं नसतं. पुरुषांनाही नसतं. म्हणून एवढं सविस्तर.

दोन प्रश्न: कधी जळतं आणि कुठे जळतं?

कारणांची यादी लांब आहे, पण ती पाठ करायची गरज नाही. दोन प्रश्नांची उत्तरं नीट दिली तर निम्मं कोडं सुटतं.

पहिला प्रश्न वेळेचा. संबंधानंतर लगेच, पहिल्याच लघवीला जळलं का? की एक-दोन दिवसांनी सुरू झालं? की आठ-पंधरा दिवसांनी? जंतू रात्रीतून चमत्कार करत नाहीत. त्यांना आत चढायला, चिकटायला, वाढायला वेळ लागतो. त्यामुळे दहा मिनिटांत सुरू झालेली आग बहुतेक वेळा त्या वेळच्या जंतूंची नसते.

दुसरा प्रश्न जागेचा. लघवी बाहेर येताना आत, ओटीपोटाच्या खालच्या टोकाशी जळतं? की लघवी बाहेर आल्यावर, कातडीला लागली की चुरचुरतं? आतलं जळणं बहुधा मूत्राशयाचं किंवा मूत्रमार्गाचं असतं. बाहेरचं जळणं हे चिरलेल्या बोटावर लिंबू पिळल्यासारखं आहे. लिंबू बिचारं निर्दोष असतं, बोट कापलेलं असतं. तशी लघवी चांगली असते, कातडी सोललेली, सुजलेली किंवा खाजवून लाल झालेली असते.

लगेच जळलं तर

याचं सर्वांत साधं कारण घर्षण. योनिमार्गात पुरेसा ओलावा नसताना संबंध आला की नाजूक कातडीला बारीक भेगा पडतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक, पण लघवीतले क्षार त्यांना बरोबर शोधून काढतात. अशी आग एखाद-दोन दिवसांत आपोआप कमी होत जाते, वारंवार लघवीला लागत नाही आणि लघवी गढूळही होत नाही.

ओलावा का नसतो? घाई, भीती, थकवा, इच्छाच नसणं, ही नेहमीची कारणं. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालेलं असतं, तेव्हाही कोरडेपणा येतो. उपाय सोपा आहे. वेळ घेणं, आणि लागलं तर औषधाच्या दुकानात मिळणारी पाण्यावर आधारित जेल वापरणं. घरातलं खोबरेल तेल पुष्कळजण वापरतात, पण कंडोमसोबत ते चालत नाही. तेलाने रबर कमजोर होतं आणि कंडोम फाटू शकतो.

आणि एक गोष्ट आडपडदा न ठेवता म्हणायला हवी. ‘नको’ म्हणता येत नाही म्हणून दर वेळी कोरडेपणा, दर वेळी भेगा, दर वेळी आग, असं असेल तर जेल हा त्यावरचा इलाज नाही. लग्न झालेलं असलं तरी जबरदस्ती ही जबरदस्तीच. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, ती यासाठीही आहे.

घर्षणाच्या खालोखाल गुन्हेगार म्हणजे साबण. सुगंधी साबण, जंतुनाशक पाणी, हल्ली जाहिरातींतून डोक्यावर आदळणारे ‘इंटिमेट वॉश’. स्वच्छतेच्या नावाखाली रोज दोनदा आतपर्यंत साबण घालणाऱ्या बायका आहेत. बाहेरच्या भागाला साधं पाणी पुरतं, आणि योनिमार्ग आतून धुवायचा नसतोच. काहींना कंडोमच्या रबराची किंवा शुक्रजंतुनाशक औषधाची ऍलर्जी असते. नवा ब्रँड वापरला आणि त्याच रात्री आग सुरू झाली, तर संशय तिकडे घ्यायचा.

एक-दोन दिवसांनी, आत जळलं तर

हा खरा नेहमीचा प्रकार: मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. डॉक्टर ‘यूटीआय’ म्हणतात, आपण पुढे नुसतं संसर्ग म्हणू. आयुष्यात एकदा तरी हा होतो अशा बायका साधारण दोघींत एक, म्हणजे सर्दीपडशाच्या पंगतीतला आजार.

दहापैकी आठ-एक वेळा याला कारणीभूत असतो ‘ई. कोलाय’ हा जंतू. 1885 मध्ये थिओडोर एशरिश या डॉक्टरने तो लहान मुलांच्या शौचातून शोधला, त्याच्या नावावरूनच हे नाव आलं. ई. कोलाय आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात सुखाने नांदत असतो. तिथे तो त्रास देत नाही. अंगणातून चुकीच्या दारात शिरला की त्रास.

संबंधाच्या वेळी होणाऱ्या दाबाने गुदद्वाराजवळचे, योनीजवळचे जंतू मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतात आणि त्या चार सेंटिमीटरच्या बोळातून वर ढकलले जातात. लघवीच्या धारेने बरेचसे वाहून जातात. पण काही ई. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. पावसाळ्यानंतर माळावरून चालत आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं कशी चिकटतात? झटकली तरी पडत नाहीत, एकेक उपसावं लागतं. हे तंतू तसेच मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात. मग जंतू वाढतात, अस्तर सुजतं, आणि सुजलेलं मूत्राशय थोड्याशा लघवीनेही ‘भरलो, भरलो’ म्हणून ओरडायला लागतं. म्हणूनच दोन थेंबांसाठी दहा फेऱ्या. लघवी गढूळ होते, वास येतो, कधी लालसर होते.

संबंध आणि संसर्ग यांचं नातं ही ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेत सुमारे आठशे तरुण स्त्रियांना सहा महिने नोंदी ठेवायला लावून केलेला अभ्यास 1996 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. अलीकडच्या दिवसांत संबंध जितके जास्त वेळा, तितका संसर्गाचा धोका जास्त, असं त्यात स्पष्ट दिसलं. शुक्रजंतुनाशक औषध वापरणाऱ्यांतही धोका वाढलेला होता. त्याचं कारण मजेशीर आहे. हे औषध योनिमार्गातल्या चांगल्या जंतूंनाही मारतं.

चांगले जंतू म्हणजे लॅक्टोबॅसिलस, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. नीट विरजलेल्या दुधात आंबटपणामुळे दुसरे जंतू सहसा फिरकत नाहीत. योनिमार्गात हेच विरजण कायमचं लागलेलं असतं आणि ते ई. कोलायला पाय रोवू देत नाही. साबणाने धुऊन आपण तेच विरजण घालवतो. (उपमा शब्दशः घेऊन तिथे दही लावणाऱ्याही आहेत. कृपया नको. दही जेवणात.)

‘मी इतकी स्वच्छ राहते, मग मलाच का?’

कारण हा अस्वच्छतेचा आजार नाही. नळी लहान असणं हा काही कोणाचा दोष नव्हे. काहींच्या अस्तराला जंतू जरा जास्त सहज चिकटतात, ते आई-मावशीकडून आलेलं असू शकतं. ‘बाहेरच्या टॉयलेटमधून लागण झाली’ हे आपलं दुसरं आवडतं स्पष्टीकरण, पण जंतू बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातले असतात, भांड्यावरचे नव्हेत. उलट बाहेरचं टॉयलेट टाळण्यासाठी सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत लघवी दाबून ठेवणं जास्त त्रासाचं. साठलेल्या पाण्यात काय होतं हे डासांच्या निमित्ताने आपण शिकलोच आहोत.

‘त्याच्यामुळे झालं का? बाहेरचं काही आणलं का?’

हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, पण घरात घुमत राहतो. कधी बाईच्या मनात, कधी सासूच्या नजरेत, कधी नवऱ्याच्या तोंडून उलटा: ‘तुलाच कसं झालं, मला तर काही नाही.’

साधा मूत्रसंसर्ग हा लैंगिक आजार नव्हे. तो संबंधाच्या निमित्ताने होतो, पण एकाकडून दुसऱ्याला ‘लागत’ नाही. नवऱ्याला औषधाची गरज नसते आणि यावरून कोणाच्या वागण्याबद्दल काही सिद्धही होत नाही.

मात्र जळजळीची काही कारणं खरोखर लैंगिक संसर्गाची असतात. गोनोरिया म्हणजे परमा, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, नागिणीच्या जातीतला जननेंद्रियांचा हर्पिस. इथे पुन्हा घड्याळाकडे बघायचं. परमा बहुधा दोन ते सात दिवसांत दिसतो, क्लॅमिडियाला एक ते तीन आठवडे लागू शकतात. सोबत पू किंवा वास येणारा, हिरवट-पिवळा स्राव, संबंधाच्या वेळी ओटीपोटात दुखणं, पाळी नसताना रक्ताचे डाग. हर्पिसमध्ये बारीक फोड येऊन फुटतात आणि त्यांवर लघवी लागली की असह्य झोंबतं. पहिल्या खेपेला तर कोणी लघवी करायलाच धजत नाही इतकं.

क्लॅमिडियाची खोड अशी की बहुतेक बायकांमध्ये तो गुपचूप राहतो, महिनोन्‌महिने. त्यामुळे आज तपासणीत सापडला म्हणजे गेल्या आठवड्यात कोणीतरी फसवलं, असा हिशेब मांडता येत नाही. पण उपचार न घेता ठेवला तर तो आणि परमा गर्भनलिकांना इजा करतात, पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. इथे उपचार दोघांनी, एकाच वेळी घ्यायचा आणि डॉक्टर सांगतील तोवर संबंध टाळायचे. एकानेच घेतला तर जंतू एकाकडून दुसऱ्याकडे चेंडूसारखे फिरत राहतात.

जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची खोली असते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातली ही सोय. लैंगिक संसर्गाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात, आणि हे ऐकून कोणी भुवया उंचावत नाही, कारण त्यांचं रोजचं काम तेच.

खाज जास्त, आग बाहेरून

दह्याच्या कवडीसारखं घट्ट पांढरं जाणं आणि नकोशी खाज असेल तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त. अँटिबायोटिक्सचा एखादा कोर्स झाल्यावर तो हमखास डोकं वर काढतो. मधुमेह असलेल्यांना जास्त होतो.

मधुमेहाच्या बाबतीत एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकून काम करतात. 2020 मध्ये भारतात तिचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही तिचा फायदा होतो. पण लघवीत साखर म्हणजे बुरशीला मेजवानी. ही गोळी सुरू झाल्यानंतर बाईला किंवा पुरुषाला तिथे खाज, लाली, आग सुरू झाली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्वतःच्या मनाने गोळी मात्र बंद करू नका.

पन्नाशीच्या आसपास

पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं. योनिमार्गाचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं पडतं आणि ते विरजणही वाळतं. मग वीस वर्षांत कधी न झालेला त्रास पन्नाशीत दर महिन्याला सुरू होतो. ‘या वयात आता कसलं आलंय’ या एका वाक्यात घरचे आणि काही डॉक्टरही विषय मिटवतात. मला हे वाक्य सगळ्यांत जास्त खटकतं, कारण इथे उपाय खरोखर चांगला आहे.

पाळी गेलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांना योनिमार्गात लावायची इस्ट्रोजेनची क्रीम देऊन एक अभ्यास झाला, तो 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. क्रीम लावणाऱ्यांत वर्षाला सरासरी 0.5 वेळा संसर्ग झाला, औषध नसलेली नुसती क्रीम लावणाऱ्यांत 5.9 वेळा. इतका फरक औषधांच्या जगात रोज दिसत नाही. ही क्रीम आपल्याकडे मिळते, मात्र स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल तर डॉक्टरांशी बोलूनच.

पुरुषांना जळलं तर

वीर्यपतनानंतरच्या पहिल्या लघवीला किंचित चुरचुरलं, धार दुभंगली आणि पुढच्या खेपेला सगळं ठीक, तर त्यात विशेष नाही. टोकाखालची कातडी ताणून बारीक चीर पडली असेल तरी दोन-चार दिवस झोंबतं.

पण आग टिकून राहिली तर पुरुषाने ‘उन्हाळे’ म्हणून सोडून देऊ नये. नळी लांब असल्याने त्याला साधा संसर्ग सहजासहजी होत नाही. झाला तर मागे काहीतरी कारण असण्याची शक्यता जास्त: प्रोस्टेट ग्रंथीची सूज, मुतखडा, आणि तरुणांमध्ये लैंगिक संसर्ग. सकाळी टोकाशी चिकट पांढरा थेंब, चड्डीला डाग, ही परम्याची किंवा क्लॅमिडियाची खूण. आपल्याकडे याला ‘धातू जातो’ असं समजून भोंदू वैद्यांच्या भिंतीवरच्या जाहिराती गाठल्या जातात. हजारो रुपये जातात आणि जंतू बायकोपर्यंत पोचतो.

‘केमिस्टकडून चार गोळ्या आणल्या, बरं वाटलं’

वाटलं असेलही. साधा संसर्ग कधीकधी आपोआप बरा होतो, आणि गोळीला श्रेय मिळतं. केमिस्ट बहुधा सिरप देतो, लघवीचा आंबटपणा कमी करणारं. त्याने आग मंदावते, जंतू मरत नाहीत. काही गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, त्या फक्त वेदना कमी करतात. धणे-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी, शहाळं, यांचं काम मुख्यतः पाण्याचंच. प्यायला हरकत नाही, पण त्याला इलाज समजू नये.

खरी काळजी अँटिबायोटिक्सची. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळ्या आपण वर्षानुवर्षं शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या, जुलाबालाही आणि लघवीलाही. परिणाम असा की आपल्याकडच्या बऱ्याच ई. कोलायवर त्या आता चालत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अहवालांत हे वर्षामागून वर्षं दिसतंय. नायट्रोफ्युरँटॉइन हे 1950 च्या दशकातलं जुनं औषध मात्र अजून बऱ्यापैकी टिकून आहे, आणि फॉस्फोमायसिनची एकच पुडी काही वेळा पुरते. ही नावं दुकानात जाऊन मागण्यासाठी दिलेली नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंड कमजोर असेल तर चालत नाही, गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत देत नाहीत, आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला असेल तर उपयोगी पडत नाही. वर सांगितलेलं आंबटपणा मारणारं सिरप सोबत घेतलं तर त्याचा जोरही कमी होतो. आग दुसऱ्या दिवशी थांबली तरी दिलेले दिवस पुरे करायचे. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी नणंदेला द्यायच्या नाहीत.

‘रिपोर्ट नॉर्मल आला, तरी जळतंय’

लघवीच्या साध्या तपासणीत ‘पस सेल्स’ म्हणजे पांढऱ्या पेशी मोजतात. कल्चरमध्ये जंतू वाढवून बघतात. 1950 च्या दशकात एडवर्ड कास या अमेरिकन डॉक्टरने एक मोजमाप ठरवलं: एक मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू, तरच संसर्ग. अजूनही कित्येक लॅब याच आकड्याखाली ‘नाही’ लिहितात. पण 1982 मध्ये वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्रास होत असलेल्या बाईच्या लघवीत मिलिलिटरला शंभर जंतूंनीही संसर्ग असू शकतो. तेव्हा ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असं रिपोर्टवरून कोणी म्हटलं तर लगेच पटवून घेऊ नका.

जंतू खरंच नसतील आणि त्रास महिनोन्‌महिने असेल तर इतर शक्यता तपासाव्या लागतात. मूत्राशय भरलं की दुखतं आणि रिकामं झालं की बरं वाटतं असा एक दीर्घ आजार आहे. कधी कटीभागाचे स्नायू कायम आखडलेले असतात, संबंधाच्या भीतीने अधिकच. काहींना एंडोमेट्रिओसिस असतो, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं. या वाटेवर धीर लागतो आणि स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ लागतो. दर वेळी नवं अँटिबायोटिक खाणं मात्र थांबवायला हवं.

पुन्हा पुन्हा होतं, मग काय करायचं?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर ‘वारंवार’ म्हणतात.

सर्वांत जास्त दिला जाणारा सल्ला: संबंधानंतर लगेच लघवीला जा. तर्क बरोबर आहे, धारेने जंतू वाहून जातात. पण अभ्यासांत त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण हा सल्ला देणाऱ्यांच्या घरात बहुधा बेडरूमला लागून बाथरूम असतं. वन रूम किचनमध्ये रात्री एक वाजता सासू-सासऱ्यांच्या अंथरुणावरून ओलांडून जायचं, किंवा चाळीत गॅलरीच्या टोकापर्यंत, हे कोणाला जमणार? जमत असेल तर जरूर जा. नाही जमलं तर ‘माझीच चूक’ म्हणून कुढू नका.

पाण्याचा पुरावा जास्त भक्कम आहे. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या 140 स्त्रियांचा बल्गेरियात अभ्यास झाला, 2018 मध्ये तो छापून आला. निम्म्या जणींना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. दीड लिटर म्हणजे आपले सहा-सात पेले.

यावरचा आक्षेप रास्त आहे: पाणी प्यायचं, पण जायचं कुठे? लोकलने दीड तास प्रवास करणारी, भाजी विकायला बसणारी, शेतावर राबणारी बाई पाणी पीत नाही ती आळसाने नव्हे. मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली ती याच दुखण्यावर बोट ठेवून. बायकांच्या मुताऱ्या हा नगरसेवकांचा विषय आहे तितकाच डॉक्टरांचाही.

क्रॅनबेरीबद्दल थोडक्यात: 2023 मध्ये पन्नास अभ्यास एकत्र करून पाहिलं, वारंवार त्रास होणाऱ्यांना ती काही प्रमाणात वाचवते. झालेला संसर्ग ती बरा करत नाही, आणि आपल्याकडे ती महाग. ज्यांना खरोखर दर वेळी संबंधानंतरच संसर्ग होतो, त्यांना डॉक्टर कधीकधी संबंधानंतर घ्यायची अँटिबायोटिकची एकच छोटी मात्रा ठरवून देतात. शुक्रजंतुनाशक वापरत असाल तर गर्भनिरोधनाचं दुसरं साधन विचारा.

वाट न बघण्याच्या वेळा

थंडी वाजून ताप, पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखणं, उलट्या: संसर्ग मूत्रपिंडाकडे सरकल्याची खूण, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर असाल तर किरकोळ जळजळही अंगावर काढायची नाही, कारण गरोदरपणात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत लवकर पोचतो आणि बाळ वेळेआधी होण्याचा धोका असतो. पाळी चुकली असेल तर हे आधी सांगा, औषध त्यावर ठरतं. लघवीतून रक्त, लघवी अडणं, पुरुषाला त्रास, मूत्रपिंडाचा आजार, यांपैकी काही असेल तर घरगुती प्रयोग नकोत.

डॉक्टरांना सांगायचं कसं?

बाहेर रांग आहे, आत कंपाउंडर उभा आहे, सोबत सासूबाई आल्या आहेत. अशा वेळी ‘लघवीला जळजळ होते’ एवढंच तोंडातून निघतं आणि मग सगळ्यांना देतात तीच गोळी मिळते. ‘एकटीशी बोलायचंय’ असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. तेही जमणार नसेल तर आदल्या रात्री मोबाइलवर टाइप करून ठेवा आणि डॉक्टरांसमोर फोन धरा: ‘संबंधानंतर दुसऱ्या दिवशी सुरू झालं. आत जळतं, बाहेर खाज नाही. दर अर्ध्या तासाला जावं लागतं. ताप नाही. पाळी वेळेवर आली. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं, तेव्हा केमिस्टने गोळ्या दिल्या होत्या, पाकीट सोबत आणलंय.’